कानाचं मशीन लावून सहा महिने झाले, माझा अनुभव

रिटायर होऊन चार वर्षं झाली आणि दोन्ही कानांना मशीन लागून सहा महिने. कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण हे मशीन ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे सेट करावं लागतं, माझ्या कानाला जमलं म्हणून तुमच्या कानाला जमेलच असं नाही. मशीनबरोबर रोज राहणं कसं असतं तेवढं सांगतो. मी ख्रिस्ती माणूस, सकाळी शास्त्र म्हणजे बायबल उघडून बसायची सवय आहे, त्यामुळे मधे मधे तिकडचंही येईल, ज्यांना नको त्यांनी तेवढं गाळून वाचा.

माझं म्हणणं कधीच "ऐकू येत नाही" असं नव्हतं. ऐकू यायचं, पण कळायचं नाही. मला वाटायचं आजकाल सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि बायकोला वाटायचं की हे मुद्दाम करतात. नोकरीत असताना लक्षात आलं नाही कारण तिथे बोलायचं काम माझं आणि ऐकायचं समोरच्याचं. घरी बसल्यावर उलटं झालं.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मळ वगैरे नाही ना ते बघितलं (हे आधी करा, कधी कधी नुसता मळच असतो, आणि एकाच कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर मशीन बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा). मग ऑडिओलॉजिस्टकडे. आवाज बंद केलेल्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. ग्राफ हातात आला तर खालच्या पट्टीतले आवाज ठीक, आणि 2000 हर्ट्झच्या पुढे रेघ घसरगुंडीसारखी खाली. वयामुळे बहुतेकांचं असंच होतं म्हणे. अ, आ, ओ असे स्वर जाड आवाजाचे, ते पोचतात, पण स, श, फ असली बारीक व्यंजनं हवेतच राहतात. म्हणून बोलणं कानावर पडतं पण शब्द अर्धे. नातीचं बोलणं सगळ्यात आधी सुटलं, लहान मुलांचा आवाज बारीक.

पहिला दिवस भयंकर. पेपरची घडी उलगडली तर कोणी पत्रा फाडतंय असं वाटलं, चपलांचा आवाज, फ्रीजची घरघर, आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. स्वतःचा आवाज तर पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा.

इथे मी एक मूर्खपणा केला. ऑडिओलॉजिस्ट पोरगी फार गोड, मन लावून काम करणारी, तिने विचारलं कसं वाटतंय काका, आणि मी म्हणालो छान आहे. छान नव्हतंच, पण तिला वाईट वाटू नये म्हणून. आणि घरी येऊन दोन आठवडे मशीन डब्यात.

मग एक दिवस मार्कच्या शुभवर्तमानाचा 8 वा अध्याय वाचत होतो, बेथसैदा गावचा आंधळा. प्रभू येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि विचारलं, तुला काही दिसतंय का? आणि तो म्हणाला माणसं दिसतायत पण झाडांसारखी, चालतायत. प्रभूने पुन्हा हात ठेवले तेव्हा कुठे स्वच्छ दिसायला लागलं. हा भाग शंभर वेळा वाचलाय, पण त्या माणसाचा खरेपणा पहिल्यांदाच लक्षात आला. साक्षात प्रभू समोर, आणि तरी तो "हो हो, एकदम छान" म्हणाला नाही. झाडांसारखी दिसतायत म्हणजे झाडांसारखी. म्हणाला नसता तर दुसऱ्यांदा हात ठेवायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कागदावर नऊ तक्रारी लिहून गेलो. तिला उलट बरं वाटलं, म्हणाली असं लिहून आणलंत तर मला कळतं कुठे बदलायचं ते. तिने कानात बारीक नळीसारखा माईक घालून कानाच्या आत नक्की किती आवाज पोचतोय ते मोजलं, आधीच्या वेळी हे झालंच नव्हतं, तुम्ही घ्याल तेव्हा पहिल्याच भेटीत हे मोजायला सांगा. आवाज कमी करून दिला, म्हणाली रोज लावा, आपण हळूहळू वाढवू, मेंदूला वेळ लागतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत घड्याळ पुन्हा ऐकू येईनासं झालं, म्हणजे येतं पण त्रास देत नाही.

आता मशीनचे गुण-दोष. समोरासमोर एक-दोन माणसं असली तर एक नंबर. फोन ब्लूटूथने थेट कानात येतो, ते तर वरदान. रात्री चार्जरवर ठेवलं की दुसरा दिवस आरामात निघतो, ज्यांना चार्जिंगची कटकट नको त्यांना बटण-सेलवाली मशीन असतात पण ते इवलेसे सेल बदलायला माझी बोटं आता साथ देत नाहीत. दोन्ही कानांना घ्या, एकाच कानाला लावून बघितलं होतं तर हाक कुठून आली तेच कळत नव्हतं. शिट्टी वाजली तर समजा कानात नीट बसलं नाहीये. मळ अडवायची पांढरी बारीक जाळी असते, आवाज दबल्यासारखा वाटला की आधी ती बदला, मी एकदा मशीन बिघडलं म्हणून चक्क परत घेऊन गेलो होतो आणि जाळी भरलेली निघाली. पाण्याने धुवायचं नाही, आंघोळीच्या आधी काढायचं. चष्म्याची काडी आणि मशीन यांचं कानामागे रोज भांडण होतं. वाऱ्यात चालताना फडफड ऐकू येते, त्याचा एक स्टार कापतो.

आणि गर्दीत जमत नाही. हे स्पष्ट सांगतो कारण जाहिरातीत आजोबा पंचवीस माणसांत हसत बसलेले दाखवतात. मशीनला माईक कितीही हुशार असला तरी एकाच वेळी चार जण बोलायला लागले की तो गोंधळतो आणि मीही. चर्चच्या कमिटीत मला घेत होते, आता वेळच वेळ आहे तुमच्याकडे म्हणून. दोन मीटिंगला बसलो, अर्धं कळलं नाही, आणि न कळता मान डोलवत होतो. मला बर्जिल्लय आठवला, 2 शमुवेल 19 मधला. दावीद राजा आपल्या बंडखोर मुलापासून, अबशालोमापासून, पळत असताना त्याला ज्याने खायला-प्यायला पुरवलं तोच. राजा म्हणतो चल माझ्याबरोबर यरुशलेमला, आणि हा म्हणतो मी आज 80 वर्षांचा आहे, गाणाऱ्यांचा आवाज आता मला ऐकू येतो का, तुझ्यावर भार कशाला होऊ? आणि आपल्याऐवजी किम्हाम नावाच्या माणसाला पुढे करतो, याला ने म्हणतो. रडारड नाही, रुसणं नाही. यार्देन नदी ओलांडेपर्यंत राजाला सोबत करतो आणि घरी जातो. मी पण पाळकसाहेबांना एका तरुण मुलाचं नाव सुचवलं आणि बाहेर पडलो, खरं सांगायचं तर थोडं रुसूनच, बर्जिल्लयाइतकं मोठं मन आपलं नाही.

बायबलमधे याकोब त्याच्या पत्रात म्हणतो ऐकायला तत्पर असा आणि बोलायला सावकाश, मशीनमुळे पहिलं जमतं असं मला वाटलं होतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, मशीन ऐकतंय, तुम्ही कधी सुरू करणार? त्यामुळे हा मुद्दा इथेच सोडतो.

पाचपैकी चार स्टार. ट्रायल घेतल्याशिवाय घेऊ नका, आणि ट्रायल म्हणजे दुकानातली दहा मिनिटं नाही, घरी नेऊन काही दिवस.

एक सांगायचं राहिलं. झोपायच्या आधी आम्ही दोघं प्रार्थना करतो, एक दिवस मी, एक दिवस ती. तिचा आवाज मुळात हळू, त्यात डोळे मिटून खाली मान घालून बोलते. कित्येक वर्षं मी तिचा आवाज थांबला की अंदाजाने आमेन म्हणत आलो. मशीन लावून दोन-तीन आठवडे झाले असतील, त्या रात्री काढायचं विसरलो, आणि पहिल्यांदा सगळे शब्द ऐकू आले. मुलांसाठी मागितलं, शेजारच्या आजारी बाईंसाठी मागितलं, आणि मग म्हणाली, प्रभू, यांचा राग थोडा कमी कर, आणि तोपर्यंत मला धीर दे. इतकं सहज म्हणाली की रोजचंच असावं. आमेन म्हणायला मला जरा वेळ लागला, तिने डोळे उघडून बघितलं, झोप लागली का म्हणून विचारलं.

ऐकलं असं तिला अजून सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून मशीन चार्जरवर ठेवतो ते प्रार्थना झाल्यावर.