डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आधी बघा

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा सांगलीच्या गावभागातलं आमचं घर छातीएवढ्या पाण्यात होतं. पाणी ओसरलं तरी भिंतींची ओल महिनोन् महिने हटेना. घाईने ऑइल पेंट मारला की ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात, म्हणून आम्ही भिंती नीट वाळू दिल्या आणि चुन्याचे दोन हात दिले. हे सगळं फोटोंसकट मी माझ्या घरसजावटीच्या ब्लॉगवर लिहिलं. तोच लेख सर्वांत जास्त वाचला गेला. त्याखालोखाल, मिरजेच्या सतारमेकरांकडून तडा गेलेला भोपळा आणून त्याचा दिवा कसा केला, तो.

ब्लॉग गुगलच्या फुकटच्या ब्लॉगरवर होता. 2022 मध्ये एका माणसाचा फोन आला. "ताई, तुमच्या लिखाणात दम आहे. याचा धंदा करून देतो. सहा महिन्यांत महिना 30 हजार सुटतील." स्वतःचं डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, नवीन साइट, जाहिराती, सगळं मिळून 45 हजार. मी तीन हप्त्यांत यूपीआयने दिले, तेही त्याच्या खासगी खात्यावर. कागद काही केला नाही. डोमेन घेताना तो म्हणाला, "ओटीपीची कटकट तुम्हाला कशाला? माझ्याच मेलवरून घेतो." खरी लूट त्या एका वाक्यात होती आणि मी त्याला "बरं झालं, सर" म्हणाले.

महिन्याभरात रोजचे दीडशे वाचक अडीच हजार झाले. मला फार आनंद झाला. दिवाळीला भाची आली, तिने साइटवर कोण येतं ते दाखवणारं अ‍ॅनालिटिक्स उघडून दाखवलं: बहुतेक वाचक परदेशातले, पहाटे तीन-चारच्या सुमाराचे, आणि दोन-तीन सेकंदांत परत गेलेले. चुन्यावरचा मराठी लेख दोन सेकंदांत कोण वाचेल? तो माणूस म्हणाला, हा एसईओचा, म्हणजे साइट गुगलवर वर आणण्याच्या कामाचा, रिझल्ट आहे. प्रत्यक्षात ती विकत घेतलेली यंत्रांची वर्दळ होती. पुढच्याच महिन्यात गुगलच्या जाहिरातसेवेचा, म्हणजे अ‍ॅडसेन्सचा मेल आला: अवैध ट्रॅफिकमुळे खातं बंद. 100 डॉलर जमल्याशिवाय तिथे पैसे हातात येत नाहीत, आणि जे थोडे जमले होते तेही गेले. अ‍ॅडसेन्सचं खातं माझ्या नावावर, म्हणून ठपका माझ्यावर. डोमेन त्याच्या नावावर, म्हणून साइट त्याची. खातं असं बंद झालं की दुसरं उघडून पुन्हा सुरुवात करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

डोमेन परत मागितलं तर त्याने आणखी 25 हजार सांगितले. मी दिले नाहीत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पण पैसे जाऊन पाच महिने झाले होते. 1930 ला फोन करायचा तो पैसे गेल्यागेल्या, त्याच तासात.

बायांनो, तुमच्यापैकी कितीजणी टेराकोटा, तोरणं, गोधड्यांवर इतकं छान लिहितात, म्हणून कळकळीने सांगते. डोमेन घेताना मेल तुमचा, मोबाइल तुमचा, बिलही तुमच्या नावाचं हवं. वर्षाला हजार-दीड हजाराच्या आसपासचा खर्च आहे, स्वतः करा. होस्टिंगचा (साइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचा) पासवर्ड दुसऱ्याला दिलात तर काम झाल्यावर बदला. अ‍ॅडसेन्सला अर्ज करायला एक रुपयाही लागत नाही, त्याची फी कुणी मागितली तर फोन ठेवा. गुगलवर पहिला नंबर देतो, अशी हमी कुणालाच देता येत नाही, खुद्द गुगलच तसं सांगतं.

जुने लेख ब्लॉगरवर तसेच होते, म्हणून निदान लिखाण वाचलं. आता तिथेच लिहिते आणि भोपळ्याचे दिवे ऑर्डरप्रमाणे करून देते. महिन्याला चार-पाच जातात.

ती दुसरी साइट मात्र अजून सुरू आहे. पहिल्याच पानावर आमच्या देव्हाऱ्याचा फोटो आहे, सासूबाईंच्या पितळी समईसकट, आणि खाली दिव्यांच्या ऑर्डरसाठी एक नंबर. तो नंबर माझा नाही. तिथे कुणी अ‍ॅडव्हान्स मागितला तर देऊ नका.