पक्ष्यांसाठी कॅमेरा: निकॉन पी९५० की कॅनन आर१०?

वजन जवळजवळ सारखंच. निकॉन पी९५० साधारण 1 किलोचा, तर कॅनन आर१० आणि त्यावर कॅननची 100-400 मिमीची हलकी आरएफ लेन्स मिळून जेमतेम 60 ग्रॅम जास्त. खांद्याला फरक कळत नाही, फोटोत मात्र खूप कळतो.

पी९५० ची झेप, म्हणजे दूरचं जवळ आणायची ताकद, 35 मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या मापात 2000 मिमीपर्यंत जाते. भिगवणला होडीतून दूरवरचे रोहित टिपायचे, पायातली रिंग वाचायची, तर हाच कॅमेरा. लेन्स बदलायची भानगड नाही, डायलवर पक्षीनिरीक्षणाचा वेगळा मोडसुद्धा आहे. त्याच मापात या लेन्ससह आर१० ची पोच 640 मिमीइतकीच.

पण सिंहगडच्या खोऱ्यात सकाळी सातला, झाडांच्या सावलीत स्वर्गीय नर्तक पक्षी आला की चित्र पालटतं. पी९५० चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, नखाएवढा. आर१० चा त्याच्या सुमारे 12 पट मोठा. अंधूक उजेडात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200 ला नेला तरी पिसांची वीण शाबूत राहते. उडत्या वेड्या राघूचा डोळा आर१० स्वतः शोधून धरून ठेवतो आणि सेकंदाला 15 फोटो काढतो. पी९५० सेकंदाला 7 च्या वेगाने 10 फोटो काढतो आणि थांबतो. नेमका तेव्हाच पक्षी उडतो, हे फार जिवाला लागतं.

आर१० महाग पडतो, लेन्सचे पैसे वेगळे. तरीही नोंदीपुरते नाही, तर फोटोसाठी रानात जात असाल तर मी आर१० च घ्या म्हणेन. फक्त पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायची असेल, तर पी९५० पुरेसा आहे.