मुळं नसलेलं बोन्साय

आठवडी बाजारात टेम्पो लावून बोन्साय विकणाऱ्याकडून झाड घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात हिवाळ्यात अशा गाड्या येतात. त्यातल्या एकानं माझ्या मुलीला फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण झाडाच्या काळजीची जी चिठ्ठी त्यानं तिच्या हातात दिली, तिचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

मुलगी नववीत आहे. भाऊबीजेची ओवाळणी तिनं जपून ठेवली होती. संक्रांतीच्या आधीच्या बाजारात हा टेम्पो उभा होता. निळ्या चिनी मातीच्या कुंड्या, वर पांढरे गोटे आणि त्यातून वर आलेलं जाडजूड खोडाचं वडाचं झाड. फळीवर लिहिलेलं, 'तीस वर्षांचे बोन्साय'. पंचवीसशे सांगून अठराशेला दिलं. कमी पडले ते मी मोबाइलवरून स्कॅन करून भरले, तर नाव भलत्याच माणसाचं आलं. मामेभावाचं खातं आहे म्हणाला. पावती मागितली तर म्हणे बुक संपलं, पुढच्या बाजाराला देतो.

चिठ्ठी मात्र छापील होती. झाड घरातच ठेवा, ऊन दाखवू नका. रोज दोन चमचे पाणी. तीन महिने माती उकरू नका, खोडाला हात लावू नका. नियम मोडल्यास गॅरंटी नाही.

पोरीनं एकूण एक नियम पाळला. शाळेत जायच्या आधी चमच्यानं मोजून पाणी घालायची. महाशिवरात्रीच्या सुमारास पानं पिवळी पडली आणि गळायला लागली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, पाणी जास्त झालं असेल. पुढच्या वेळी म्हणाला, कमी झालं असेल, नाहीतर पोरीनं झाड हलवलं असेल. त्यानंतर फोन बंद. "आई, माझ्याच हातानं मेलं ते," म्हणून ती रडली.

कुंडी घेऊन आम्ही शेजारच्या गावच्या रोपवाटिकेत गेलो. तिथल्या काकांनी आधी नखानं खोडाची साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं, कोरडं तपकिरी लाकूड. वडाच्या कुळातल्या जिवंत झाडाला ओरखडा काढला की पांढरा चीक येतो, इथं थेंबही आला नाही. गोटे डिंकानं चिकटवलेले होते, ते खुरप्यानं उचकटावे लागले. खाली चिकट काळी माती, कुंडीला भोक नाही. खोड ओढलं तसं सरळ हातात आलं. खालचं टोक करवतीनं सपाट कापलेलं, काळं पडून कुजलेलं. केसाएवढंही मूळ नाही.

"ताई, हे झाड कायचं, फांदी व्हय," काका म्हणाले. "याले मुयाच नाही."

जाड फांदीत पाणी आणि अन्न साठलेलं असतं. थंडीत पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून कापलेली फांदीही काही आठवडे हिरवी राहते. वडाची फांदी पावसाळ्यात, निचऱ्याच्या मातीत लावली तर रुजतेही. पण बिनभोकाच्या कुंडीत, काळ्या मातीच्या चिखलात ती कुजणारच. आता ती चिठ्ठी पुन्हा वाचा. उन्हात ठेवली तर फांदी लवकर माना टाकेल, म्हणून ऊन नको. माती उकरली किंवा खोड हललं तर मुळं नसल्याचं कळेल, म्हणून हात नको. आणि झाड मेलंच तर दोष घेणाऱ्याचा, कारण कुठला ना कुठला नियम त्यानं मोडलाच असेल! नवशिक्या माणसाला झाडाचं काही कळत नाही, तो स्वतःलाच बोल लावून घेतो. हा सगळा धंदाच त्यावर चालतो.

खरी काळजी नेमकी उलटी असते. वड, पिंपळ, उंबर, नांदरुख ही उन्हात वाढणारी झाडं. घरात ठेवायचंच असेल तर सगळ्यात उजेडाच्या खिडकीत ठेवावं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, उथळ कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते. तेव्हा ती निंबाच्या सावलीत ठेवावी, गरज पडली तर दोनदा पाणी द्यावं. चमच्यानं नाही. बोटाचं पेर मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं की खालच्या भोकातून वाहेपर्यंत घालावं. नुसती काळी माती भरू नये. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत चालतं. जागा बदलली की ही झाडं पानं गाळतात. ओरखड्याखाली हिरवं असेल तर झाड जिवंत आहे, घाबरू नये.

विकत घेताना खोड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. मुरलेलं झाड मातीसकट हलतं, खोचलेली फांदी मातीत डुगडुगते. कुंडी उचलून भोक बघा. गोटे बोटानं निघत नसतील तर घेऊ नका. नुसत्या जाड खोडावरून वयावर विश्वास ठेवू नका. रताळ्यासारख्या फुगलेल्या मुळांचं जे फायकस, म्हणजे वडाच्याच कुळातलं झाड, मिळतं, ते मोजक्या वर्षांचं असलं तरी म्हातारं दिसतं.

पावती न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. विकणारा कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आम्ही मोबाइलवरची पैसे भरल्याची नोंद, ती चिठ्ठी आणि कापलेल्या टोकाचा फोटो जोडून तक्रार दिली आहे.

तुमच्या घरी अशी वाळलेल्या झाडाची निळी कुंडी पडून असेल तर त्यातलं खोड आजच उपटून पाहा. खाली करवतीचं टोक निघालं तर त्याचा फोटो काढा, तक्रार करा. आणि झाड मारलं म्हणून घरात ज्याला बोल लावला असेल, त्याला ते टोक दाखवा.