प्लांटेड टँकसाठी बोअरचं पाणी की आरओचं?

बोअरच्या पाण्यावर प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक, होतच नाही, असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. पुण्याच्या कडेकडेच्या सोसायट्यांत नळाला बोअर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी येतं. तिथला माणूस हे ऐकून एकतर टँकचा नाद सोडतो, नाहीतर आरओ मशीनचे भाव विचारायला लागतो. मी दोन्ही पाण्यांवर तीन फुटी टँक ठेवलाय, झाडंही बरीचशी तीच. झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारा सीओटू सिलिंडर दोन्ही वेळा होता. त्यामुळे पुढचं सगळं सीओटूवाल्या टँकबद्दल आहे, असं धरून वाचा.

आपलं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टमधून येतं. त्यात मुख्यत्वे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं असतात, म्हणून जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कडकपणा) आणि केएच (बायकार्बोनेटचं प्रमाण) दोन्ही चढे येतात. माझ्याकडे जीएच १८ आणि केएच १५ च्या आसपास. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण जीएचचं झाडांना फारसं वावडं नसतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांना हवंच असतं. रोटाला रोटुंडिफोलिया, लुडविगिया, क्रिप्ट, ॲनुबियास, वॅलिसनेरिया ही सगळी मंडळी माझ्याकडे त्या पाण्यात नीट वाढली. अडचण येते ती केएचमुळे, आणि तीही लोहाच्या वाटेने.

लिटरला ३० मिलिग्रॅम सीओटू ठेवायचा, तर केएच ३ असताना पीएच साधारण ६.५ येतो आणि केएच १५ असताना ७.२. सीओटू दोन्हीकडे तेवढाच, ड्रॉप चेकर (सीओटू किती ते रंगाने दाखवणारी कुपी) दोन्हीकडे हिरवाच. त्यामुळे पीएच ६.५ वर आणायचाच म्हणून सीओटूचे बबल वाढवत नेले, तर माशांवर बेतेल. फरक पडतो तो खतात. कृषी सेवा केंद्रात स्वस्तात मिळणारं ईडीटीए लोह (ईडीटीए म्हणजे लोह विरघळलेलं ठेवणारं रसायन) पीएच साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. मग शेंड्याची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि लोक म्हणतात बोअरचं पाणी वाईट. लोह डीटीपीए या दुसऱ्या रसायनाचं घेतलं की साडेसातपर्यंत निभतं. माझ्याकडे एवढ्या एका बदलाने लुडविगियाच्या शेंड्यांची तक्रार संपली. थोडं महाग आहे, पण लागतं चिमूटभर.

आता आरओ. झाडांच्या दृष्टीने विचाराल तर आरओचं पाणी सरस आहे, यात वाद नाही. लाल झाडांचा रंग जास्त खुलला, रोटाला मॅक्रान्ड्रा जी बोअरवर नुसती तग धरून होती ती आरओवर भरली. ॲक्वासॉइलही (टँकच्या तळाला घालायची खास माती) जास्त टिकते, कारण कडक पाण्यातला केएच शोषण्यातच तिची ताकद लवकर खर्ची पडते. फक्त आरओचं पाणी तसंच ओतायचं नाही. त्यात क्षार परत घालावे लागतात. १०० लिटरला १० ग्रॅम एप्सम सॉल्ट घातलं तर जीएच सव्वादोनने वाढतो, १० ग्रॅम जिप्सम घातलं तर सव्वातीनने, आणि १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेटने केएच पावणेतीनने. केएच शून्याजवळ ठेवून सीओटू सोडला तर पीएच कुठवर घसरेल याचा भरवसा नाही, आणि फिल्टरमधल्या जीवाणूंनाही अमोनिया पचवायला थोडा केएच लागतोच.

इथवर वाचून आरओच घ्यावं असं वाटेल. माझं मत फिरलं ते पाणी बदलण्याच्या दिवशी. तीन फुटी टँकचं निम्मं पाणी म्हणजे ऐंशी-नव्वद लिटर. घरचं आरओ तासाला बारा-पंधरा लिटर देतं, तेही टाकीत दाब असेल तर. म्हणजे आदल्या दिवसापासून ड्रम लावायचा, नळी निसटत नाही ना हे बघायचं, स्वयंपाकघरातल्या लोकांना पिण्याच्या पाण्यासाठी थांबवायचं, मग काट्यावर तीन पुड्या मोजायच्या, जिप्सम लवकर विरघळत नाही म्हणून ढवळत बसायचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) बघायचा आणि मग कुठे टँककडे वळायचं. आणि एवढ्या पाण्यासाठी दोन-तीनशे लिटर मोरीत जातं. त्यातलं भांडी-फरशीला किती वापरणार? ज्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर मोजून येतात, तिथे तो नळीतून वाहणारा आवाज ऐकवत नाही. याचा परिणाम असा, की बदल या आठवड्याचा पुढच्या आठवड्यावर जातो. झाडांना मऊ पाण्यापेक्षा वेळेवर बदललेलं पाणी जास्त मानवतं, असं मला तरी दिसलं. बोअरचं पाणी नळाला पाइप लावला की अर्ध्या तासात बदलून होतं, म्हणून ते दर आठवड्याला होतं.

बोअरचा त्रासही सांगायला हवा. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरच्या फडक्याने जातो. सीओटू संपला आणि सिलिंडर भरायला उशीर झाला, तर वॅलिसनेरिया बायकार्बोनेटमधून कार्बन ओढते आणि पानावर चुना बसतो. पान बोटांत धरलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. सीओटू सुरू झाला की नवी पानं पुन्हा गुळगुळीत येतात. मे महिन्यात बाष्पीभवन जोरात असतं. रोज बोअरचंच पाणी भरत राहिलं तर क्षार साठत जातात, कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची. तेवढ्या भरीपुरतं मी आरओचं पाणी वापरतो. तांब्या-दोन तांब्यांचं काम, त्याला ड्रम लागत नाही.

काही जणांना मात्र आरओशिवाय पर्याय नाही, असं मला वाटतं. टोनिना, सिंगोनँथस, इरिओकॉलॉन ठेवायचे असतील तर बोअरचा नाद नको. कासच्या पठारावर पावसाच्या पाण्यात पांढरा पसरणारा गेंद याच इरिओकॉलॉनच्या कुळातला. तसल्या झाडांना केएच सोसत नाही. क्रिस्टल श्रिंप या छोट्या कोळंबीचंही तेच. चेरी श्रिंप, गप्पी, मॉली यांना कडक पाणी उलट आवडतं. दोन फुटांच्या आतला छोटा टँक असेल तर आरओचा व्याप तितका जाणवणार नाही, तिथे माझा आग्रह नाही.

मशीनचं बघण्याआधी शे-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर घेऊन थांबू नका. टीडीएस ६०० आहे एवढ्यावरून केएच कळत नाही. थेंबांचं केएच किट आणा आणि उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा मोजा. बारा-पंधराच्या घरात असेल आणि यादीत रोटाला, क्रिप्ट, लुडविगिया अशीच नावं असतील, तर निदान पहिला टँक तरी नळाच्या पाण्यावर लावून बघा. सॉफ्टनर बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो कॅल्शियम काढून सोडियम घालतो, केएच होता तिथेच राहतो.