धुळ्याहून दीवला गाडी नेताना: हजिऱ्याची बोट की रस्ता?

धुळे-जळगावहून स्वतःच्या गाडीने दीवला जायचं तर सुरतपर्यंत प्रश्नच नाही. कोंडाईबारी घाट, नवापूर, बारडोली, सगळा पायाखालचा रस्ता. खरी निवड त्यापुढे: सुरतजवळच्या हजिऱ्याहून आखातापलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला जाणारी रो-पॅक्स (माणसं आणि गाड्या दोन्ही नेणारी) बोट, की भरूच-वडोदऱ्याकडून खंभातच्या आखाताला वळसा?

नोव्हेंबर २०२० मध्ये ही बोट सुरू झाली. हजिरा ते घोघा रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०. बोटीला साधारण चार तास लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालवणाऱ्याला पाठ टेकता येते. माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा फायदा. गाडी आपणच बोटीच्या पोटात चढवायची, माणूस दाखवेल तिथे लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि वर जायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आजीची औषधं आधीच पिशवीत काढून घ्या. मध्येच खाली गाडीकडे जाता येईल असं धरू नका.

रस्त्याला वेळेचं बंधन नाही. बोट गाठायला मात्र आधी हजर राहावं लागतं, म्हणजे घरून रात्रीच निघणं आलं. हवा बिघडली तर फेरी रद्दही होते, म्हणून पावसाळ्यात मी रस्ताच धरा म्हणेन. पैशांचं म्हणाल तर गाडीचं भाडं वेगळं, माणशी तिकीट वेगळं. भरलेल्या गाडीला बोट महाग पडू शकते. डिझेल आणि टोलशी ताडून बघा.

घोघ्याहूनही महुवा, उना करत बरंच चालवायचं उरतं. दीव बेट असलं तरी आत शिरायचं ते पुलावरूनच.