मनालीत डाऊन जॅकेट, गोरटेक्स घेताय? आमची कशी फसवणूक झाली ते आधी वाचा

ज्यांचं या सीझनला हिमालयातलं युनाम, फ्रेंडशिप नाहीतर कांग यात्से शिखर ठरलंय आणि थंडीच्या कपड्यांचं गिअर तिकडेच जाऊन स्वस्तात उचलू असं डोक्यात आहे त्यांनी हे वाचाच. मनालीतल्या एका दुकानदाराने मला आणि माझ्या मावसबहिणीला थर्मलपासून शेलपर्यंत सगळंच खोटं विकलं. पैसे गेले ते गेले, पण तिच्या जिवाशी खेळ झाला आणि तो राग अजून जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो होतो तेव्हाच खरेदी केली. माणूस बोलायला एकदम जाणकार, बेस लेअर (अंगालगतचा थर्मल), मिड लेअर (मधला उबेचा थर), शेल (वारा-पाणी अडवणारा बाहेरचा थर) सगळं नीट समजावून सांगणारा. 800 फिलचं (फिल म्हणजे डाऊन किती फुगतं त्याचं माप) गूज डाऊन म्हणजे पिसांखालच्या मऊ लवेचं जॅकेट साडेनऊ हजार, गोरटेक्सचं शेल साडेसहा, मेरिनो लोकरीच्या थर्मलची जोडी अडीच. एवढं स्वस्त कसं विचारलं तर म्हणे "एक्सपोर्ट सरप्लस है भाईसाब, इसलिए इतने में मिल रहा है." आणि मग त्याने बाटली उघडून शेलवर पाणी ओतलं, थेंब टपाटप ओघळून गेले, दुकानातले सगळे बघत राहिले.

हा पाण्याचा प्रयोग हीच खरी लबाडी आहे, कारण पाणी तर साध्या रेनकोटवरूनही ओघळतं. गोरटेक्सचे पैसे कशाचे, तर बाहेरचं पाणी आत न येता आतली घामाची वाफ बाहेर जाते त्याचे, आणि ते काउंटरवर उभं राहून कुणालाच दिसत नाही.

डिसेंबरात कळसूबाईला पहाटे हेच सगळं घालून गेलो, मस्त ऊब, म्हटलं झकास माल मिळालाय. पण कळसूबाई 1646 मीटर आणि युनाम 6111. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात म्हणजे नुसत्या उंचीनेच 29 अंशांचा फरक, वर तिथला वारा वेगळाच. सह्याद्रीत ट्रायल घेऊन या कपड्यांबद्दल काहीच कळत नाही.

युनामला समिटसाठी रात्री निघालो, थंडी म्हणून डाऊनवर शेल चढवलेलं. घसाऱ्यावरून चढताना घाम येतोच, तो बाहेर जायला जागाच नाही, आतल्या आत थर्मल भिजलं, मग डाऊन भिजलं. भिजलेलं डाऊन फुगत नाही आणि ते फुगलं नाही की त्यात हवा धरली जात नाही, ऊब संपली. उजाडायच्या आधी वारा सुटला, थोडं थांबलो तर शेलच्या आतल्या बाजूने बर्फाची साय धरलेली. बहीण आधी कुडकुडत होती, नंतर तिचे शब्द जड यायला लागले, विचारलेल्याचं उत्तर भलतंच. आमचा लाहौली गाईड अनुभवी, त्याने तिच्या जॅकेटमध्ये हात घातला आणि म्हणाला "दीदी का अंदर से सब गीला है, नीचे चलो." स्वतःचं जॅकेट काढून तिला दिलं, गरम पाणी पाजलं आणि तिला धरून खाली आणलं. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

घरी आल्यावर एका मित्राला सगळं दाखवलं, त्याने उत्तरकाशीच्या निम या गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केलाय. त्याने ब्लेडने जॅकेटची शिवण उसवली तर आत चिरलेली पिसं आणि पॉलिस्टरचा कापूस. खरं डाऊन म्हणजे मऊ गोळा, त्याला काडी नसते, इथे नुसत्या काड्याच. तेव्हा घेताना जॅकेट चिमटीत धरून कुस्करून बघा, काड्या टोचल्या तर ते पिसांचं आहे. मुठीत दाबून सोडल्यावर पटकन फुगायला पाहिजे. शेल उलटं करून बघितलं तर शिवणीवर टेप कुठेच नाही, नुसता दोरा. खऱ्या गोरटेक्सच्या शेलला आतून प्रत्येक शिवणीवर टेप चिकटवलेली असते, ती नसेल तर बाहेर कितीही टॅग लटकू देत, सोडून द्या. थर्मलचा एक धागा काढून जाळला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो, आणि आमच्या "मेरिनो"ला कागद जळल्याचा वास आला म्हणजे चक्क कॉटन! पॉलिस्टर असतं तरी चाललं असतं हो, चांगलं पॉलिस्टर लवकर वाळतं. कॉटन घाम धरून बसतं आणि त्या उंचीवर तेच अंगाला लावून आम्ही चढत होतो.

म्हणजे बघा, थर एकमेकांच्या भरवशावर असतात. शेल वाफ सोडत नसेल तर आतलं डाऊन अस्सल असूनही भिजलंच असतं. या माणसाने तर तिन्ही खोटे दिले आणि आम्ही कुठे घालणार आहोत हे त्याला नीट माहीत होतं, आम्हीच सांगितलं होतं.

फोन केला तर आधी "हमारा माल नहीं है", नंतर उचलणंच बंद. बिलावर फक्त "जॅकेट 2" असं खरडलेलं. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, यूपीआयचा पुरावा आणि उसवलेल्या जॅकेटचे फोटो जोडले, तेव्हा कुठे निम्मे पैसे परत आले. बाकीच्यासाठी आता आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जातोय. दुकान मनालीत असलं तरी 2019 च्या कायद्यामुळे राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तुम्ही घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर ब्रँड, मॉडेल आणि "गूज डाऊन, 800 फिल" असं लिहूनच मागा. लिहून द्यायला का कू करणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. बजेट नसेल तर तुमच्या ऑर्गनायझरकडून चांगलं जॅकेट भाड्याने घ्या, नाहीतर साधं सिंथेटिक पॅडेड घ्या, ते ओलं झालं तरी थोडीफार ऊब देतं.