शिक्षेनंतर मताधिकार: फ्लोरिडा आणि भारत

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१८ मध्ये राज्याच्या घटनेतील ‘दुरुस्ती क्रमांक ४’ ने शिक्षा पूर्ण केलेल्यांना मताधिकार परत दिला. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून. २०१९ च्या कायद्याने मात्र दंड, न्यायालयीन शुल्क, नुकसानभरपाई फेडण्याची अट घातली. जुन्या नोंदी काउंटी-काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागांत) विखुरलेल्या, त्यामुळे थकबाकी किती हेच कळत नाही. पात्र नसताना मत दिल्याच्या आरोपावरून २०२२ मध्ये अटकाही झाल्या. पैशांची ही अट गरिबावर उघड अन्याय आहे.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) कोठडीत असेपर्यंतच मत रोखते. सुटका झाली की हक्क परत मिळवायला अर्ज लागत नाही. काही निवडणूक गुन्ह्यांत मात्र सहा वर्षे बंदी. पण कच्च्या कैद्यालाही मत नाही, जामिनावरच्याला आहे. म्हणजे जामिनाचे पैसे नसलेला इथेही मुकतो. सुटल्यावर मतदार यादीत नाव तपासा. नसल्यास नावनोंदणीचा अर्ज, नमुना ६, भरा.